निऑनची जोडी, गोल बाऊल आणि फिरता सल्ला

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक सल्ला फिरत येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. मासा लहान, म्हणून काचेचा गोल बाऊल पुरे. निऑन टेट्राची एक जोडी आणा. फिल्टरची भानगड नको, रविवारी सगळं पाणी ओतून बाऊल घासून काढा. आपल्याकडे उकाडा, हीटर कशाला? खायला चिमूटभरच घाला. आणि मासा मेलाच तर वाईट वाटून घेऊ नका, घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं. यातल्या एका मुद्द्याशी माझं भांडण नाही. बाकी सगळ्यांशी आहे.

निऑन जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, हे खरं. पण मासा कल्ल्यांवाटे सतत विषारी अमोनिया सोडत असतो आणि चार लिटरच्या बाऊलमध्ये तो बघता बघता साचतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीत पन्नासेक लिटर पाणी मावतं. तिथे तीच घाण विरळ राहते, पाणी झटकन तापत किंवा गार पडत नाही. शिवाय बाऊलमध्ये सरळ पोहायला जागा कुठे असते?

जोडी लव्हबर्ड्सची आणावी. निऑन हा पेरू, कोलंबिया, ब्राझील या भागांतल्या अ‍ॅमेझॉनच्या उपनद्यांमधला, थव्यानं राहणारा मासा. थव्यात शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही, हेच त्याचं संरक्षण. बाऊलमध्ये शिकारी नाही हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निऑन 1, 2, 5 आणि 10 अशा गटांत ठेवून पाहिले होते. मोठ्या गटांत त्यांचं दचकून सैरावैरा पळणं कमी झालं आणि एकत्र पोहणं वाढलं. जोडीतले दोघे कोपऱ्यात निपचित बसले की घरचे म्हणतात, ‘किती शांत आहेत!’ सहापेक्षा कमी आणू नयेत. दहा असतील तर थवा थव्यासारखा दिसतो, आणि दोन फुटी टाकीत दहा सहज राहतात.

सगळ्यात जास्त मासे मारतो तो रविवारचा सफाई कार्यक्रम. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच; ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. बाऊलमध्ये फिल्टर नाही, म्हणजे वस्तीला धड जागा नाही. खड्यांवर जी थोडी जमते ती दर रविवारी नळाखाली घासली जाते. वरून नळाचं ताजं पाणी, त्यात क्लोरीन. म्हणजे मासा आगीतून फुफाट्यात. त्यापेक्षा एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला आणि नव्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, आणि चकचकीत होईपर्यंत नाही.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ते अनेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, आणि अल्कधर्मी असतं. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, 7 वरून 8 वर गेला की तेवढ्याच अमोनियातला खरा विषारी भाग सुमारे दहापट होतो. निऑन मूळचा मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. हल्लीचे बहुतेक निऑन मत्स्यशेतांवर पैदा झालेले असल्यानं थोडंफार जड पाणी चालवून घेतात, पण पहिल्यांदाच टाकी मांडणाऱ्यानं ही परीक्षा घ्यावीच कशाला? झेब्रा डॅनिओ आणावेत. हा आपल्याच उपखंडातला मासा, 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकानं त्याचं वर्णन केलं, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा तो पाळतात, मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्थासुद्धा. चिवट आहे, थव्यानंच राहतो. उड्या मारतो, एवढं लक्षात ठेवून झाकण घालावं.

हीटरचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मुंबई-कोकणात निऑनचं बहुधा हीटरशिवाय भागतं. नाशिकच्या डिसेंबरातल्या रात्री मात्र भागत नाही. आणि विदर्भातल्या मे महिन्याबद्दल हा सल्ला अवाक्षर काढत नाही! 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना सुमारे 7. आणि नेमका तेव्हाच माशाला जास्त लागतो. झाकणाऐवजी जाळी घाला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं.

संकट अंगावर घेण्याबद्दल इतकंच: नवी टाकी मांडल्यावर पहिल्या महिन्यात मेलेल्या माशाच्या बाबतीत आधी अमोनियाची चाचणी करावी. किट दुकानात मिळतं. संकटाच्या समजुतीनं एकच होतं, लोक त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशी नवा मासा सोडतात.

राहिला चिमूटभर खाण्याचा मुद्दा, तो मान्य. फक्त चिमूट बोटांत चुरून घालावी, कारण निऑनचं तोंड बारीक असतं, आणि दोन मिनिटांत संपेल एवढीच. उरलेलं तळाशी कुजतं आणि त्याचाही अमोनियाच होतो.