गरमाचा पाईप गोठला

डिसेंबर लागला की आमचे अण्णा पेपरात दोनच बातम्या शोधतात. कोण गेलं, आणि महाबळेश्वरला दव गोठलं का. दुसरी सापडली की ती मोठ्यानं वाचली जाते. वेण्णा तलावाच्या जेटीवर पांढरा थर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण, गाडीच्या टपावरून खरवडून काढलेला मूठभर बर्फ हातात धरून उभे असलेले पर्यटक. महाबळेश्वर आमच्या साताऱ्यापेक्षा दोनेक हजार फूट उंच आहे, तिथलं दव तिथं गोठणार. पण बातमीत ‘सातारा जिल्हा’ असे दोन शब्द आले की अण्णांना तो बर्फ घरचाच वाटतो. पेपर खाली ठेवतात, मफलर एक वेढा वाढवतात आणि म्हणतात, “यंदा काही खरं नाही.”

अशातच एका रात्री ताईचा व्हिडिओ कॉल आला. ताई अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तिच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते, बाहेर उणे सव्वीस होतं आणि स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाईप गोठला होता. तिनं मोबाईल सिंकखाली धरून आम्हाला तो दाखवला. पाईपसारखा पाईप होता. तरी आम्ही सगळे मयताला आल्यासारखे गप्प बघत होतो.

“शेगडी ठेव की त्याच्याखाली,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, अख्खं घर लाकडाचं आहे!”

मग ताईनं सगळं समजावून सांगितलं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पण पाईप फुटतो तो बर्फ असतो त्याच जागी असं नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी कोंडलेलं असतं, त्याचा दाब वाढत जातो आणि तो पाईप फाडतो. म्हणून आधी नळ उघडायचा, मग नळाच्या बाजूनं मागं मागं सरकत हेअर ड्रायरनं शेकायचं. विस्तव अजिबात जवळ न्यायचा नाही. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची, म्हणजे घरातली ऊब आत जाते. आणि कडाक्याची थंडी असेल त्या रात्री नळ पूर्ण बंदच करायचा नाही, थेंब थेंब चालू ठेवायचा.

या व्याख्यानातलं मला नऊ टक्के लक्षात राहिलं, मुलीला हेअर ड्रायर. अण्णांना काय लक्षात राहिलं हे कळायला दुसऱ्या दिवशीचे साडेनऊ वाजावे लागले.

सकाळी बायको साडेपाचला उठली. टाकी कोरडी ठणठणीत. “अहो, पाचशे लिटरची टाकी रात्रीत संपली कशी?” असं ती झोपेतल्या मला विचारून गेली. मी “हं” म्हणालो. तिनं मोटर लावली, टाकी भरली आणि विषय तिथंच मिटला. संसारात अशा प्रश्नांना उत्तर नसलं तरी चालतं, मोटर असली की झालं.

सात वाजता मी टॉवेल गुंडाळून बाथरूममध्ये शिरलो. थंडाचा नळ सोडला, धो धो. गरमाचा सोडला तर नळानं नुसता सुस्कारा टाकला. फुस्स. पुन्हा पिळला. एक थेंब आला, नळाच्या तोंडाशी लोंबकळला आणि पडायचाही विचार त्यानं रद्द केला.

आमच्याकडे गच्चीवर सोलर आहे. हिवाळ्यात सोलरवाल्या घरातला माणूस एरवीही पाण्यापेक्षा धीरच जास्त खर्च करतो. गच्चीपासून बाथरूमपर्यंत पाऊण इंची पाईप साठ फूट फिरून येतो. त्यात रात्रभर थिजलेलं पाच-सहा लिटर पाणी आधी सोडून द्यायचं, मग कुठं वाफ दिसते. बायको ते वाया जाऊ देत नाही, त्यासाठी वेगळी बादली आहे. पण आज थिजलेलंही नव्हतं.

“गोठला!” दाराबाहेरून आवाज आला. अण्णा जणू रात्रभर याचीच वाट बघत होते.

“अण्णा, थंडाचा नळ वाहतोय आणि गरमाचा पाईप कसा गोठेल?”

“गच्चीवर उघड्यावर कोण पडलंय? गरमाचा पाईप. तोही उत्तरेच्या अंगाला. ताईचाही उत्तरेलाच होता.”

या युक्तिवादाला उत्तर होतं. बाहेर बारा अंश होते, आणि पाणी शून्याला गोठतं. पण कमरेला टॉवेल आणि दातांवर दात अशा अवस्थेत माणूस पदार्थविज्ञानावर फार वेळ ठाम राहू शकत नाही. मी टॉवेलवर स्वेटर चढवला, कानटोपी घातली आणि गच्चीवर गेलो. अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडाला होता. समोरच्या गच्चीवरच्या काकू तुळशीला पाणी घालायच्या थांबल्या.

“काय हो, काय झालं?”

“पाईप गोठलाय,” मी म्हणालो. बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

“अगंबाई!” काकू म्हणाल्या आणि खाली गेल्या. पाच मिनिटांत त्यांच्या घरातले चौघं गच्चीवर आले. कडेला ओळीनं उभे राहून बघू लागले.

मुलीनं ड्रायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला, आणि स्वतः मोबाईल उभा धरून शूटिंग करू लागली. मी उकिडवा बसून पाईप शेकू लागलो. पाईप पांढरा, प्लास्टिकचा आणि माझ्या हातापेक्षा कोमट होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. खालून अण्णांच्या सूचना चालू होत्या. “नळाच्या बाजूनं मागं मागं ये! आधी नळ उघडलाय ना? कपाटाची दारं उघडा रे!” बायकोनं खरंच भांड्यांचं कपाट उघडून ठेवलं. पुढं कधी ‘मी सांगत होते’ म्हणायची वेळ आली, तर आपल्याकडून काही कमी पडलेलं नको, हा तिचा बाणा आहे. वीस मिनिटांनी ड्रायरमधून जळका वास आला आणि तो बंद पडला. तो मुलीचा होता, त्यामुळं त्या व्हिडिओचा शेवट आवाज बंद करूनच बघावा लागतो.

प्लंबरला फोन केला. तो “आलोच पाच मिनटात” म्हणाला आणि नऊला आला. तोवर मी त्याच वेशात चहा घेतला, पेपर वाचला, आणि ऑफिसात ‘घरी जरा प्रॉब्लेम आहे’ असं कळवलं.

“काय झालंय साहेब?”

“पाईप गोठलाय,” अण्णाच म्हणाले.

प्लंबरनं आधी अण्णांकडं, मग माझ्या कानटोपीकडं बघितलं. “आवो, साताऱ्यात कुठला बर्फ? हवा धरलीया लाईनीनं.”

मग त्यानं जे केलं ते बघायला मी बाथरूमच्या दारात उभा राहिलो. पिशवी उघडलीच नाही. थंड आणि गरम जिथून एकत्र बाहेर पडतं, त्या मिक्सर नळाच्या तोंडावर डाव्या हाताचा तळवा घट्ट दाबून धरला आणि उजव्या हातानं थंड आणि गरम दोन्ही नळ पूर्ण सोडले. थंडाला बाहेर यायला वाट नाही, मग ते गरमाच्या पाईपात उलटं वर चढलं. भिंतीच्या आत कुठंतरी गुडगुड सुरू झाली. ती वर वर गेली, पंगतीत शेवटच्या जिलबीनंतर येते तशी एक दीर्घ ढेकर गच्चीवरून ऐकू आली, आणि प्लंबरनं थंडाचा नळ बंद करून तळवा काढला. नळ दोनदा खोकला, पांढरं पाणी थुंकला आणि वाहू लागला. सगळं मिळून दीड मिनिट.

“दोनशे द्या,” हात पँटला पुसत तो म्हणाला. “हवा अशी उगं नाय शिरत. रात्री टाकी मोकळी झालती का?”

“हो की!” बायको म्हणाली. “पूर्ण कोरडी!”

“मग कुठला तरी नळ सुरू राहिला आसंल.”

घरात शांतता पसरली. तेव्हा ऐकू आली मागच्या मोरीतली धार. मी जाऊन बघितलं. नळ चालूच होता, थेंब थेंब नव्हे, चांगली करंगळीएवढी धार. मिनिटाला लिटरभर धरलं तर रात्रीचे आठ तास म्हणजे चारशे ऐंशी लिटर. मी हा हिशोब मोठ्यानं केला. अण्णांनी पेपर उघडून चेहऱ्यासमोर धरला. पेपर कालचा होता.

“उणे सव्वीसमध्ये ताईचा पाईप वाचतो,” पेपरामागून आवाज आला, “म्हटलं आपलाही वाचावा.”

मी आंघोळ केली तेव्हा दहा वाजले होते. पाणी इतकं कडक होतं की त्यात थंड मिसळावं लागलं.

रात्री ताईचा फोन आला. तिचा पाईप दुपारी मोकळा झाला होता, फुटला नव्हता. “तुमच्याकडं काय, अण्णा? थंडी आहे का?”

“आहे म्हणजे?” अण्णा मफलर सारखा करत म्हणाले. “आमचापण गोठला होता आज. गरमाचा.”