अण्णा शेवटी चालायचे

आज अण्णांच्या शोकसभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "अण्णा नौदलात होते खरे, पण प्रत्यक्ष लढाई अशी त्यांनी पाहिली नाही. ते खाली इंजिनाकडे असायचे." दोघातिघांनी माना डोलावल्या. काकू समोरच बसली होती. मी गप्प राहिलो, ती भांडायची जागा नव्हती. पण घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावर स्टोकर, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारे. विक्रांतला चार बॉयलर होते आणि त्यातल्या एकाला युद्धाआधीच तडा गेला होता. उरलेल्या तिघांच्या जोरावर जहाज बंगालच्या उपसागरात उभं राहिलं आणि ४ डिसेंबरला त्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. विमानांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते तीन बॉयलर ज्यांनी पेटते ठेवले, त्यांचा एक तरी फोटो पाहिलाय का कुणी? बॉयलर रूमला खिडकी नसते. वर काय चाललंय ते कळत नाही. समोर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, तिच्यावरून नजर हटवायची नाही, आणि अंगातून घामाच्या धारा.

तोफेवर नव्हते, मान्य. पण टॉर्पीडो लागतो तो जहाजाच्या पाण्याखालच्या अंगाला, हे त्या गृहस्थांना कुणीतरी सांगा. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी अशीच टॉर्पीडो लागून बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. अण्णा दरवर्षी त्या रात्री जेवायचे नाहीत. कुणी विचारलंच तर "भूक नाही" एवढंच.

डोंगराचं वेड त्यांना नौदलातच लागलं. ट्रेनिंग लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीत. नागफणीचा कडा तिथून हाकेच्या अंतरावर. लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची सुट्टी, मिळाली की बाकीची पोरं बाजारात, हे एकटे कड्यावर. "महिनोन्‌महिने लोखंडात राहिलं की दगडावर पाय टेकावासा वाटतो रे," म्हणायचे. रिटायर झाल्यावर तर घरात सापडायचेच नाहीत. तुंग, तिकोना, लोहगड, कोरीगड किती वेळा केले याचा हिशोब त्यांनीही ठेवला नाही.

मी सोळा वर्षांचा असताना ते आम्हा मुलांना राजमाचीला घेऊन गेले. कोंढाण्याच्या लेण्यांवरून चढणारी वाट, जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून यायचा होता. अंधार पडला आणि माझा पाय मुरगळला. बाकीचे बरेच पुढे गेले होते. मी रडकुंडीला आलो. अण्णा मागून आले, कारण ते कायम शेवटीच चालायचे. न रागावता खाली बसले. मी बूट काढायला लागलो तर म्हणाले, "काढू नकोस, पाय सुजला की परत जाणार नाही." नाडी सैल करून पुन्हा घट्ट आवळली. मग माझ्या हातातला टॉर्च घेऊन बंद केला.

भीतीने मी ओरडलोच. ते म्हणाले, "थांब जरा. डोळ्यांना वेळ दे."

पाचेक मिनिटांनी वाट दिसायला लागली, फिकट राखाडी. आणि मग शेजारचं अख्खं झाड उजळलं, विझलं, पुन्हा उजळलं. काजवे. आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तिथेच त्यांनी सांगितलं, की एकदा बॉयलर रूममधले दिवे गेले होते, तेव्हा कठड्यावर हात ठेवून नुसत्या आवाजावरून आग नीट जळतेय का ते ओळखत उभे राहिले होते. "कान उघडे ठेव, डोळे मागून येतात." बस्स, याहून जास्त युद्धाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

आता त्याच राजमाचीवर काजव्यांच्या दिवसांत काय चालतं ते तुम्ही जाणता. गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे फ्लॅश, स्पीकर. अरे, तो उजेड म्हणजे काजव्याने जोडीदाराला घातलेली साद आहे! त्याच्या तोंडावर तुम्ही टॉर्च मारता? राजमाचीवरच्या उधेवाडी गावातल्या लोकांना त्या गर्दीतून चार पैसे मिळतात, हेही खरं. तरीसुद्धा संताप होतो.

विक्रांत २०१४ मध्ये भंगारात निघाली तेव्हाही असाच संताप झाला होता. म्हातारं जहाज राखायला पैसा लागतो, ठीक आहे. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्या संध्याकाळी गच्चीवर बराच वेळ उभे होते, दोन्ही हात कठड्यावर.

लिहिता लिहिता एक आठवलं. ते गृहस्थ पूर्वी अण्णांबरोबर दोनतीनदा ट्रेकला आले होते. पुढे पुढे चालणाऱ्यांपैकी. त्यांना अण्णा दिसलेच नसतील. मागे कोण थकलंय, कुणाची बाटली रिकामी झालीय, हे बघत अण्णा येत राहायचे आणि पुढचे वर पोचून फोटो काढायचे. मनात काही वाईट ठेवून बोलले नसतील ते. जाऊ दे.

काकूने आज अण्णांचा टॉर्च मला दिला. सेल काढून वेगळे कागदात गुंडाळलेले, त्यांच्या पद्धतीप्रमाणे.

पुढच्या शनिवारी राजमाचीला जातोय, कोंढाण्याच्या वाटेने. येणार असाल तर खाली कळवा. उजेड कुणीही लावायचा नाही. शेवटी मी चालणार आहे.