आण्णा 49 दिवस जागेवर नव्हते

मामांचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे. आणि घरात एखाद्याला कॉम्प्युटरचं जरा कळतंय असं एकदा पसरलं की त्याचं काय होतं ते सांगायला नको, प्रिंटर अडकला बोलव त्याला, टीव्हीचा रिमोट चालंना बोलव त्याला, मावशीच्या मिक्सरला पण मीच. त्यामुळं रविवारी तांबड्या-पांढऱ्यावर आडवा हात मारून झाल्यावर मामा "भाच्या, जरा एक काम हुतं" म्हणाले तेव्हाच ओळखलं की जेवण काय फुकट नव्हतं.

झालेलं असं, की हिशोब बघणारे आण्णा कॉम्प्युटर उघडा टाकून चहाला गेले आणि तेवढ्यात कुणीतरी त्यावरनं पुण्याच्या एका पार्टीला कोटेशनच्या जागी पांढऱ्या रश्श्याची कृती मेल केली. पार्टीचा उलट मेल आला, "यात जीएसटी धरलाय का?"

"पाच मिनिटं माणूस हललं न्हाई की लॉक झाला पायजे," मामा म्हणाले. मी म्हटलं मामा, ही सोय विंडोजमध्येच आहे, दोन टिचक्यांचं काम. तर म्हणाले, "ते झालं रे, पण दिवसात कोण किती वेळ रिकामं बसालंय ते पण कागदावर पायजे मला." म्हणजे लॉक हे निमित्त, खरा इषय वेगळाच.

बिलिंग ब्राउजरमध्ये चालतं म्हणून पहिली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, त्या पानातच घातली. माऊस हलला की जुना टायमर मोडायचा, पाच मिनिटांचा नवा लावायचा, वर ती वेळ लिहून पण ठेवायची. वाचायला बरं वाटतं. पण माऊस एकदा या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात नेला की वाटेत शेकडो वेळा "हललो, हललो" असं ओरडत जातो, आणि माझी स्क्रिप्ट दरवेळी उठून टायमर मोडालीय, लावालीय, लिहालीय. आण्णांच्या त्या जुन्या डब्याचा पंखा असा काय घोंगावायला लागला की आण्णा म्हणाले, "दळप आणू काय घरातनं?"

मग जरा अक्कल चालवली. हलल्यावर काही करायचंच नाही, फक्त शेवटची वेळ एका जागी टिपून ठेवायची आणि अर्ध्या मिनिटातनं एकदा बघायचं किती झालं ते. पंखा गप. पण नवीनच लफडं, पानातल्या स्क्रिप्टला त्या पानावरचंच दिसतं. आण्णा एक्सेलमध्ये घाम गाळालेत आणि इकडं बिलिंगचा टॅब म्हणतोय माणूस गायब. वर क्रोमनं 2021 पासून असं केलंय की टॅब पाच मिनिटांपेक्षा जास्त मागं पडला की त्याचे टायमर मिनिटातनं एकदाच चालतात, म्हणजे पहारेकरीच पेंगणार.

शेवटी कळलं की आपण उगंच राबालोय. कुठलीही की दाबली, माऊस हलवला की विंडोज ती वेळ स्वतःच टिपून ठेवतं आणि गेटलास्टइनपुटइन्फो म्हणून एक फंक्शन आहे त्याला विचारलं की सांगतं. फक्त विचारताना सोबतच्या फॉर्मवर फॉर्मचा आकार किती ते आधी भरावं लागतं, नाहीतर ते तोंड उघडत नाही. एवढी एक ओळ मी विसरलेलो आणि त्यात आख्खी रात्र गेली. (तहसीलला जाऊन आलेल्या माणसाला हे पटकन सुचायला पाहिजे होतं.)

त्यातला एक भाग मला अजून आवडतो, तेवढा सांगतोच. सारखं सारखं बघायचंच कशाला? आण्णांनी दोन मिनिटांपूर्वी बटण दाबलंय म्हणजे अजून तीन मिनिटं लॉक करायचा प्रश्नच येत नाही, मग स्क्रिप्टनं तीन मिनिटं सरळ झोपायचं. उठल्यावर बघायचं, मध्ये आण्णांनी परत काही दाबलं असेल तर उरलेलं मोजून परत झोपायचं. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर सीपीयू शून्य. नाद खुळा. ऑफिसातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर बसवली आणि महिना-दीड महिना मी कोल्हापूरभर कॉलर टाइट करून फिरलो.

मग 20 तारीख आली. जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. सकाळी अकराला आण्णांचा फोन, "अरे हे मला आत घीनाच झालंय."

जाऊन बघतो तर आण्णा पासवर्ड टाकालेत, कॉम्प्युटर उघडतोय आणि दहा सेकंदात परत लॉक. आण्णांचं टायपिंग एका बोटाचं, पासवर्डला वीस सेकंद लागतात. वीस सेकंद टाकायचं, दहा सेकंद बघायचं. तेवढ्यात त्यांनी तीन आकडे भरलेले, खरंच.

स्क्रिप्टचा हिशोब उघडला तर तिचं म्हणणं, आण्णा गेले 49 दिवस 17 तास जागेवर नाहीत. समोर माणूस घाम पुसालाय!

चूक माझीच. विंडोज ती शेवटची वेळ कॉम्प्युटर चालू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदात सांगतं, पण ते 32 बिटांच्या डब्यात, आणि तो डबा 49.7 दिवसांत भरतो आणि परत शून्यापासून सुरू. मी वजाबाकीला आत्ताची वेळ म्हणून जे दुसरं घड्याळ घेतलेलं ते 64 बिटांचं, ते पुढं चालतच राहतं. म्हणजे एका घड्याळाचं नवीन वर्ष लागलं आणि दुसऱ्याचं जुनंच चालू.

"पण आण्णा, कॉम्प्युटर रोज बंद करता ना?"

"रोज! शपथ."

आणि माणूस खरं बोलत होता. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमध्ये शटडाऊन केलं तरी आतला गाभा नुसता झोपवून ठेवतात, घड्याळ मोजतच असतं. खरं शून्य व्हायला रीस्टार्ट मारावा लागतो आणि अपडेट आला की "नंतर" वर टिचकी मारायची आण्णांची जुनी सवय. रीस्टार्ट मारला, वजाबाकी 32 बिटांत आणली, आण्णांनी साडेचारला रिटर्न भरलं आणि माझ्याशी न बोलता घरी गेले.

मामांनी मात्र संध्याकाळी रिपोर्ट काढला. आधीच्या दिवसांचा. आण्णा रोज तीन-साडेतीन तास रिकामे. मामांचा आवाज चढायला लागला तसा मला घाम फुटला, कारण आण्णा काय करतात ते मला माहीत होतं. ते बेरजा वहीत करतात. चष्मा कपाळावर, ओठ हलतायत, पेन्सिल खाली उतरतीय, माऊसला हात नाही. खासबागेत दोन पैलवान मानेला मान लावून पाच-पाच मिनिटं नुसते उभे असतात, त्यांना रिकामं म्हणा बघू कुणीतरी, आख्खं मैदान अंगावर येईल.

दुसरी ओळ डिस्पॅचच्या पोराची, तो दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो, त्याची रिकामी अकरा मिनिटं. आणि तिसरी ओळ मामांची स्वतःची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सलग काम, फक्त एक ते दीड सुट्टी, रोज. मामा सकाळी कुलूप काढतात आणि मग पार्टीकडं, काट्यावर, चहाला, दिवसभर कुठं असतात ते मामींनाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रिकाम्या केबिनमध्ये जाऊन बसलो. भिंतीला लागून शेजाऱ्यांची पॉवर प्रेस. धाड. टेबल हललं, टेबलावरचा माऊस हलला, स्क्रीनवरचा बाण एक केस भरून उजवीकडं सरकला. धाड. परत. एक वाजता प्रेसवाले डबा खायला बसले आणि पाच मिनिटांत कॉम्प्युटर लॉक झाला.

सगळं मामांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी रिपोर्टचा कागद परत एकदा वरनं खाली बघितला, स्वतःच्या ओळीवर जरा थांबले, घडी घालून खिशात ठेवला.

"ऱ्हाऊ दे आता," म्हणाले. "लईच बदलू नको. मामीला एकदा दाखवतो."