मुलांना आधी स्वयंपाकघरात न्या

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही शनिवार-रविवार धरून अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गला जाऊन आलो. नवरा, मी, नऊ वर्षांची लेक आणि राजापूरहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई. निघण्याआधी आमच्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं लिहिलं होतं, "पॅलेस बघा, घोडागाडीत बसा, गरम सायडर प्या. पण ते गुलामगिरीचं वगैरे टाळा. पोरगी लहान आहे, ट्रिपचा मूड जातो." तिनं काळजीनंच लिहिलं होतं. मला मात्र ते अजिबात पटलेलं नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विल्यम्सबर्ग ही १६९९ ते १७८० व्हर्जिनियाची राजधानी. राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडलं. १९२६ मध्ये तिथल्या गुडविन नावाच्या पाद्रींनी धनाढ्य धाकट्या जॉन रॉकफेलरना गळ घातली आणि अख्खं गाव अठराव्या शतकात होतं तसं उभं करायचं काम सुरू झालं. ऐंशीहून जास्त इमारती मूळच्या आहेत, बाकीच्या जुन्या पायांवर पुन्हा बांधल्या. गव्हर्नरचा पॅलेससुद्धा पुन्हा बांधलेलाच, मूळचा १७८१ मध्ये जळाला. आणि आत माणसं आहेत. लोहार, विणकर, शिंपी, चाकं करणारे, लाकडी पिंपं करणारे, सगळे त्या काळच्या कपड्यांत आणि त्या काळच्या हत्यारांनी खरंखुरं काम करतात. उमेदवारी करून हात तयार व्हायला वर्षं लागतात. वीटभट्टीवर तर उन्हाळाभर विटा पाडून सुकवतात आणि शरद ऋतू आला की लाकडं लावून भाजतात. पानं लालपिवळी झालेली, हवेत धुराचा वास. आई म्हणाली, "हा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येईल."

पण ती खरी रमली पॅलेसच्या स्वयंपाकघरात. मोठ्या चुलाण्यातले निखारे पुढे ओढून जमिनीवर त्यांचे छोटे छोटे ढीग केलेले, प्रत्येक ढिगावर वेगळं भांडं. एका लोखंडी भांड्याच्या झाकणावरही निखारे होते. आई झटकन म्हणाली, "अगं, हे तर आपल्या धोंडसासारखं! वर निखारे, खाली निखारे." तिनं मला मध्ये घालून तिथल्या बाईंना विचारलं, की झाकणावरचे निखारे किती वेळानं बदलता, लाकूड कुठलं वापरता. मग लाकूड कोण फोडायचं, पाणी कोण आणायचं, पहाटे चूल कोण पेटवायचं, असे प्रश्न आपोआप निघत गेले. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला हे विचारावंसं वाटतंच. पॅलेसच्या प्रवेशदालनात भिंतीवर मांडलेल्या बंदुका आणि तलवारी पाहताना आम्हा कुणालाच असा एकही प्रश्न पडला नव्हता.

तिथून आम्ही जॉर्ज वाइथच्या घरी गेलो. हे घर मूळचं. वाइथ म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनचा कायद्याचा गुरू, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. त्याच्या घरी स्वयंपाक करणारी लिडिया ब्रॉडनॅक्स त्याची गुलाम होती. १७८७ मध्ये त्यानं तिला मुक्त केलं. नंतर ती रिचमंडला त्याच्याच घरी स्वयंपाक करत राहिली. १८०६ मध्ये त्या घरात विषप्रयोग झाला. वाइथ गेला, घरातला मायकेल ब्राउन नावाचा तरुण गेला, लिडिया कशीबशी वाचली. संशय वाइथच्या नातवावर, म्हणजे बहिणीच्या नातवावर होता. तो सुटला. गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीय बाईची साक्ष कोर्टात चालतच नव्हती. वाइथ स्वतः त्या राज्यातला सगळ्यात नावाजलेला कायदेपंडित, आणि त्याच्याच खुनाच्या खटल्यात कायद्यानं तिचं तोंड बंद ठेवलं. स्वातंत्र्य आणि न्याय हे शब्द मुलीला समजावायला मला याहून सरळ गोष्ट सापडली नसती.

लेकीनं विचारलं, "पण ही माणसं झोपायची कुठे?" मी सांगितलं, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, धुणीघरात, कधी नुसत्या जमिनीवर. ती मान वर करून माळ्याकडे बघत राहिली. घाबरली नाही, रडली नाही. विचारात पडली, आणि त्यात काही वाईट झालं असं मला वाटत नाही.

अमेरिकन क्रांतीच्या काळात या गावातली निम्म्याहून अधिक माणसं कृष्णवर्णीय होती आणि त्यांतली बहुतेक गुलाम होती. आई गुलाम तर मूल गुलाम, हा व्हर्जिनियाचा कायदा १६६२ चा. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत हा व्हर्जिनियाचा ठराव १७७६ मध्ये मंजूर झाला तो याच गावात. मग या लोकांना वगळून बघायचं म्हणजे अर्धं गाव न बघताच परत यायचं. हे गाव चालवणाऱ्यांनीही कित्येक वर्षं तसंच दाखवलं. १९७९ पासून कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारे कलाकार आले. १९९४ मध्ये भर रस्त्यावर गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर केला, तेव्हा मोठा विरोध झाला. त्या विभागाची प्रमुख क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय. लिलावात विकल्या जाणाऱ्या बाईच्या भूमिकेत तीच उभी राहिली होती. विरोध करणाऱ्यांचं दुःख मला कळतं. तरी मी तिच्याच बाजूनं आहे.

ब्रे स्कूलची लहानशी इमारतही मुलांना जरूर दाखवा. १७६० ते १७६५ तिथे कृष्णवर्णीय मुलांची शाळा भरायची. अ‍ॅन वेगर नावाच्या बाई शिकवायच्या. वाचायला शिकवायचे, आणि त्याच धड्यांतून मालकाचं ऐकायलाही. २०२३ मध्ये ती इमारत गावातल्याच विल्यम अँड मेरी कॉलेजच्या आवारातून उचलून इथे आणली. माझी लेक तिथे शिकणाऱ्या मुलांच्याच वयाची. ती बराच वेळ बाहेर उभी होती.

रविवारी यॉर्कटाउन. १९ ऑक्टोबर १७८१ ला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेनं इथेच हत्यारं खाली ठेवली. तो स्वतः आजारपणाचं कारण सांगून आलाच नाही. पाच वर्षांत हाच माणूस हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल झाला. टिपूविरुद्धच्या मोहिमेत पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके याच कॉर्नवॉलिसबरोबर होते आणि बंगालची कायमधारा पद्धतही याचीच. हे शाळेत पाठ केलेलं सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की स्वातंत्र्य मिळेल या आशेनं हजारो गुलाम इंग्रजांकडे पळून आले होते, आणि वेढ्यात अन्न संपू लागलं, देवी पसरल्या, तेव्हा कॉर्नवॉलिसनं त्यांना छावणीबाहेर काढून दिलं. उपाशी, आजारी माणसं दोन फौजांच्या मध्ये सापडली. आज त्या मैदानावर हिरवंगार गवत आहे. मुलं त्यावर धावतात, माझीही धावली. धावून दमली तेव्हा गवतावर बसूनच मी तिला हे सांगितलं.

परतीच्या वाटेवर आई गप्प होती. रिचमंड मागे पडल्यावर म्हणाली, "आपल्याकडे पाणी भरायला एक बाई यायची. विहिरीवरून माजघरापर्यंत, दिवसाला तीस-चाळीस खेपा. माझ्या लग्नाचं पाणीसुद्धा तिनंच भरलं. आम्ही सगळे तिला पाणीवालीच म्हणायचो." लेकीनं मागच्या सीटवरून विचारलं, "आजी, तिचं नाव काय होतं?"

आईला आठवेना. घरी पोचल्यावर तिनं भारतात सकाळ व्हायची वाट पाहिली आणि मामाला फोन लावला. त्यालाही आठवत नव्हतं. वाड्यातल्या कपाटात आजोबांच्या हिशेबाच्या वह्या आहेत, त्यांत कुठे तिच्या पैशांची नोंद सापडते का ते बघतो म्हणाला.