डॉक्टर लिहून देतो, पण ऐकतात सिस्टरचं

काल शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पक्याने विषय काढला, आईला फ्लूची लस द्यायचीय पण ती ऐकायलाच तयार नाही. झालं, चहा येईपर्यंत जुंपली.

बंड्याचं सरळ गणित, डॉक्टरने लिहून दिलं की संपलं, नर्सचं काम सुई टोचायचं. मी म्हटलं अरे, ओपीडीत डॉक्टर दोन मिनिटं देतो, म्हातारी माणसं बोलतात ती बीपी घेणाऱ्या सिस्टरशी, "शेजारच्यांनी घेतली आणि तापानेच पडले हो" हे डॉक्टरला कोण सांगतंय? तिथल्या तिथे तिनेच सांगायला हवं की या इंजेक्शनात जिवंत व्हायरस नसतो, त्याने फ्लू होत नाही, दंड दुखेल, एखाद दिवस अंग कणकणेल, बस्स. आणि लस लागू पडायला दोनेक आठवडे जातात, मधेच फ्लूने गाठलं तर लसीच्या नावावर बिल फाडू नका.

"पण फ्लू म्हणजे सर्दीच ना, आणि दरवर्षी कशाला? कंपन्यांचा धंदा सगळा!" इति बंड्या.

पक्या उखडला. त्याच्या बाबांना स्टेंट आहे. म्हणाला, कॅनडात 2018 साली अभ्यास आलाय, फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अ‍ॅटॅकचा धोका सहा पट, ही सर्दी? आणि व्हायरस बदलत राहतो म्हणून डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरात, लसीत कुठले स्ट्रेन हवेत ते सांगतं. मुंबईत फ्लू पावसाळ्यात चढतो म्हणजे एप्रिल-मेमध्ये उरकलेली बरी.

पैशाच्या बाबतीत मात्र बंड्या बरोबर होता. राष्ट्रीय लसीकरणात ज्येष्ठांसाठी ही लस नाही, खासगीत स्वतःच्या खिशातून, पेन्शनवाला विचार करणारच, सिस्टर कितीही गोड बोलली तरी. शिवाय एकेका सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड, ती समजावणार कधी? आणि तिने स्वतः घेतलीय का? आमची मावशी पहिलं तेच विचारेल, "तुम्ही घेतलीत का हो?" तिथे सिस्टर गडबडली की मावशी पर्स उचलून घरी.

माझं म्हणणं एवढंच, शुगर-बीपीच्या पेशंटची यादी दवाखान्यात असतेच, एप्रिलमध्ये सिस्टरने एकेक फोन फिरवावा, ओळखीचा आवाज ऐकला की निम्मी माणसं येतील.

बंड्या म्हणाला, "आणि तेवढा वेळ वॉर्डात कोण बघणार, तू?"