रंग काढताना पुतळ्याची कातडीच सोलली

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या चौकातल्या ब्राँझच्या पुतळ्याच्या पायावर कुणीतरी लाल स्प्रेने बदाम काढून दोन नावं लिहिली होती. त्याचा संताप होताच. पण साफ करायला आलेल्यांनी जे केलं ते बघून रडूच यायचं बाकी राहिलं. एकाने ग्राइंडरला वायरब्रश लावलेला, दुसऱ्याच्या हातात ॲसिडची बाटली. मी ओरडत पोचेपर्यंत पाऊल गुलाबी तांब्यासारखं उघडं पडलं होतं, त्यावर गोल गोल ओरखडे. वर मलाच म्हणतात, "चकाचक केलंय की, बघा!"

अरे, तो काळपट-तपकिरी, मधूनच हिरवट थर म्हणजे मळ नव्हे! ओतकाम झाल्यावर कारागीर ज्योत फिरवून, रसायन मारून तो रंग आणतो आणि पुढे ऊन-पाऊस त्याला वर्षानुवर्षं मुरवतात. पॅटिना म्हणतात त्याला. घरची समई चिंचेने लख्ख घासा, ती रोजच्या वापरातली. पुतळा म्हणजे समई आहे का? आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझ मूर्ती आहे, सुमारे २००० वर्षांची. तिला कुणी चिंच लावेल?

स्प्रेचा रंग निघतो हो. ॲसिटोनचा बोळा आधी नजरेआडच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर लावून बघायचा. थराला धक्का लागत नाही अशी खात्री झाली की मग रंगावर टेकवायचा, रंग फुगला की बांबूच्या काडीने अलगद उचलायचा. बोळा सारखा बदलायचा, नाहीतर तोच लाल रंग सगळीकडे फासला जातो. लोखंडी ब्रश तर लांबच ठेवायचा, त्याचे कण धातूत रुततात आणि पहिल्या पावसात तिथेच गंजतात. मेणाचा हात वेळच्या वेळी दिला असता तर हा स्प्रे मेणावरच बसला असता, मेणाबरोबर निघालाही असता.

हे सांगायला काय परदेशातून माणूस आणायला पाहिजे होता? शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत फाउंड्र्या आहेत आपल्याकडे, आयुष्यभर धातू हाताळलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. एकाला तरी विचारायचं! अर्ध्या तासात उरकायची घाई कसली होती?

आणि एवढं सोलूनसुद्धा बोटांच्या खाचांत तो लाल रंग अजून तसाच आहे.