‘उपवनला सोडून देऊ’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ग्रुपमधला मेसेज फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. ‘रेडटेल कॅटफिश, दोन फूट, एकदम हेल्दी, फुकट देणे आहे. रविवारपर्यंत कोणी नेला नाही तर उपवनला सोडून देऊ.’ उपवन म्हणजे ठाण्यातला तलाव. खाली हात जोडलेले इमोजी. फोटोत चार फुटी टाकी आणि तिच्यात तो मासा, शेपूट काचेला टेकून दुमडलेली.

हेल्दी म्हणे! फोटो जरा मोठा करून बघा. वरच्या ओठाचं कातडं काचेला घासून घासून पांढरं पडलंय. डावीकडची लांब मिशी अर्ध्यावरच संपलीय. चार बाय दीड बाय दीडची टाकी म्हणजे जेमतेम अडीचशे लिटर पाणी, त्यातही रुंदी दीड फूट आणि मासा दोन फूट. त्याला नुसतं मागे वळायचं असेल तरी अंग मुडपावं लागतं.

हा मासा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला. नदीत चार फुटांच्या वर जातो, पाळलेलाही तीन-साडेतीन फूट सहज होतो आणि नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. दुकानात मात्र तीन इंचाचा मिळतो, काळी पाठ, पांढरा पट्टा, लाल शेपूट, आणि शहाण्यासारखा तळाशी बसून असतो. मुलगा हट्ट धरतो, बाप पाकीट काढतो. ‘टाकीएवढाच वाढतो साहेब’ हे वाक्य तर प्रत्येक दुकानात पाठ आहे. साफ खोटं. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो आणि तो वेळेआधी मरतो, याला ‘टाकीएवढा वाढणं’ म्हणत नाहीत. भरपूर खायला घातलं तर वर्ष-दीड वर्षात दोन फूट. फोटोतल्या माशाचं तेच झालंय.

आणि ते ‘नंतर मोठी टाकी करू’! कुठे करणार? हिशोब सांगतो. साडेतीन फुटी माशाला किमान बारा बाय सहा फुटांचं तळं आणि तीन फूट पाणी. म्हणजे सहा हजार लिटरच्या वर, सहा टन. तीन फूट पाण्याचा भार दर चौरस मीटरला नऊशे किलो पडतो. राहत्या घराचा स्लॅब दोनशे किलोच्या हिशोबाने डिझाइन करतात. हा मेसेजवाला चौदाव्या मजल्यावर राहतो. करा आता मोठी टाकी.

तळमजला हवा. ऐरोली-वाशीतलं रो-हाऊस, बदलापूर-मुरबाडकडचं फार्महाऊस, जमिनीला टेकलेली कुठलीही जागा. नऊ इंची विटांची भिंत, वर काँक्रीटचा पट्टा, कोपरे गोल, कारण काटकोनात हा मासा नाक घासतो. वॉटरप्रूफ प्लास्टर आणि त्यावर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात. इपॉक्सी पूर्ण सुकायला आठवडा द्या, मग दोनदा पाणी भरून फेकून द्या. कोटिंग कुठे राहून गेलं तर सिमेंट पाण्यात उतरतं आणि पीएच नऊच्या वर जातो. तळाला मध्याकडे उतार आणि तिथे चार इंची ड्रेन, वर घट्ट बसणारी जाळी. तिथून पाणी आधी गाळ बसवायच्या ड्रममध्ये, मग बायो मीडियाच्या (घाण मोडणारे जिवाणू ज्यावर वाढतात त्या साहित्याच्या) ड्रममध्ये, मग पंपाने परत. तासाला निदान एकदा सगळं पाणी फिरलं पाहिजे. एका मोठ्या पंपापेक्षा दोन मध्यम लावा, एक जळला तरी दुसरा चालतो. वायरिंगला तीस मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, त्यात काटकसर नको. वर चौकटीत बसवलेली वेल्डमेश आणि कडी. हा मासा उडी मारतो, आणि एवढ्या अंगाने मारली तर हलकं झाकण उडवतो.

हे सगळं मासा आणायच्या आधी. माशाच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो, तो मोडणारे जिवाणू आधी वाढावेत म्हणून अमोनिया टाकून फिल्टर चार ते सहा आठवडे चालवायचा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच मासा.

तळात वाळू-खडी अजिबात नको. रेडटेल जे तोंडात मावेल ते गिळतो: खडे, एअरस्टोन, हीटरचे रबरी कप. कधी ओकून टाकतो, कधी आतड्यात अडकून मरतो. शोभेला दगड हवाच असेल तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठा ठेवा. हीटरचं म्हणाल तर आपल्याकडे घरात त्याची फारशी गरजही पडत नाही. खरा त्रास मे महिन्यात. पंचवीस अंशाच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, बत्तीसला सव्वासात, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. एअर पंप इन्व्हर्टरवर हवाच. बंद कॅनिस्टर फिल्टर असेल आणि वीज तीन-चार तास गेली, तर आतले जिवाणू गुदमरतात. वीज आल्यावर ते सडकं पाणी थेट टाकीत येतं. आधी फिल्टर उघडून धुवा, मग चालू करा.

आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं, म्हणजे दोन हजार लिटर. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हे बोलून दाखवा, पुढच्या मीटिंगमध्ये अजेंड्यावर तुम्हीच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला हजार लिटरला दहा ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट, हायपोक्लोराइट नव्हे) पुरतो. पावसाळ्यात नळाला वास जास्त आला तर टेस्ट करून डोस वाढवा. औषधं मात्र जपून. या माशांना खवले नसतात, त्यामुळे मॅलाकाइट ग्रीन किंवा तांब्याचं औषध बाटलीवरच्या पूर्ण मात्रेत टाकलंत तर रोगाआधी मासा जाईल.

खाण्याचं तर विचारूच नका. जिवंत गोल्डफिश टाकून व्हिडिओ काढणारे महाभाग! गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी-वन जीवनसत्त्व मोडतं, शिवाय परजीवी फुकट. चिकन-मटणाची चरबी पचत नाही, ती यकृतावर चढते. बुडणारे पेलेट, चिलापीचे तुकडे, अधूनमधून कोळंबी. फुटाच्या आत असेपर्यंत रोज, मग दिवसाआड, मोठा झाला की आठवड्यातून एक-दोनदा. भीक मागतो म्हणून घालू नका, तो कायमच मागतो.

आता उपवन. संताप याचाच आहे. तलावांचं शहर म्हणून मिरवायचं आणि घरात नको झालेलं सगळं तलावात लोटायचं! दल सरोवरात २०२३ मध्ये अ‍ॅलिगेटर गार नावाचा परदेशी शिकारी मासा सापडला, तो कॅटफिश नव्हे, पण कोणाच्या तरी टाकीतूनच गेला असणार. आफ्रिकन मांगूर या कॅटफिशवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, तरी तो अजून विकला जातो, आणि तो हवा पिऊन गटारातही तगतो. मान्य, एकटा रेडटेल उपवनमध्ये पिल्लं घालणार नाही. पण असेल तोवर तळातलं जे सापडेल ते गिळत राहील.

त्या माणसावरचा माझा राग आता थोडा उतरलाय. निदान त्याने विचारलं तरी. कित्येक जण रात्री बादली घेऊन गुपचूप जातात. खरा तळमजला असलेला कोणी तयार असेल तर एवढं करा: तीन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे वाटेत पाणी नासणार नाही. जाळीने धरू नका, छातीजवळच्या पराचे काटे अडकून ताठ होतात आणि मोडतात. ओल्या ताडपत्रीची झोळी करून दोघांनी उचला. झाकणाचा मोठा टब, त्याच टाकीतलं पाणी, बॅटरीचा एअर पंप. नवीन पाणी तासभर थोडं थोडं मिसळून मगच सोडा.

चार फुटी टाकीच आहे आणि कॅटफिशच हवा, तर ‘शार्क’ म्हणून विकतात तो पंगासही आणू नका. तोही मेकाँगचा चार फुटी गडी, बासा म्हणून ताटात येतो तोच, आणि घाबरला की काचेवर डोकं आपटतो. सिनोडॉन्टिस युप्टेरस घ्या, किंवा पाच इंची पिक्टसचा चार-पाचांचा घोळका. पिक्टस दिवसभर मिशा फिरवत पळत असतो, बघायला मजा येते. निऑन टेट्रासारखे चिमुकले मासे मात्र सोबत ठेवू नका, रात्रीतून मोजणी कमी होते. आणि पिक्टसलाही जाळीत पकडायचं नाही, प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट उचलायचं, काटे त्याचेही तसेच आहेत.